टोपलीतला मोठा दगड

बाई, तुम्ही गेलात आणि शाळेची किल्ली माझ्याकडे आली. जव्हारला तुमच्या घरी तुमचं दहावं आटोपून माणसं पांगत होती, तेव्हा तुमच्या सुनेनं ती आतून आणली आणि माझ्या हातावर ठेवली. तुम्ही बांधलेली लाल चिंधी तशीच होती. खरं सांगू का, तुमच्यासाठी रडायचं राहिलं बाजूलाच. मला आधी सोमवार आठवला. दिवाळीची सुट्टी संपून सोमवारी शाळा उघडणार, ही किल्ली मी कुलपाला लावणार, पहिली ते चौथीची सगळी पोरं आत येऊन बसणार आणि तुम्ही नसणार.

आपली शाळा दोन बायांची. तुम्ही मोठ्या बाई, मी धाकट्या. सूर्यमाळच्या बाजूला, रस्ता संपल्यावरही चालावं लागतं अशा पाड्यावर दोन खोल्या, एक पडवी आणि जानकी मावशींची खिचडीची चूल, एवढाच आपला संसार. तुम्ही पहाटेच्या एसटीनं जव्हारहून मोखाड्याला यायचात, मी तिथल्या भाड्याच्या खोलीतून निघायचे आणि पुढे आपण दोघी एकाच जीपमध्ये. घाटात जीप कडेला गेली की मी तुमचा पदर धरायचे. तुम्ही न बघता तो सोडवून घ्यायचात आणि माझ्या हातात शेंगदाण्याची पुडी द्यायचात.

दरीची भीती कुणालाही समजते हो. पण मला त्या पोरांची भीती वाटते, हे कुणाला सांगायचं? सहा-सात वर्षांची पोरं, शेंबूड पुसत येतात, मला पहिल्यांदा बाई म्हणणारी तीच. लोक हसतील. आई तर हसलीच. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणाली आणि कणीक मळायला लागली. तिला मी कसं सांगणार की चार वर्ग एका खोलीत असले, एकाला बेरीज दिली, दुसऱ्याला वाचन दिलं, तिसऱ्याला चित्र दिलं आणि सगळी एकदम बोलायला लागली, की माझ्या कानात पाणी गेल्यासारखं होतं. मग मी ओरडते. पोरं दचकून गप्प होतात, आणि ती माझ्याकडे बघतात ना, तेव्हा मला अजूनच धडकी भरते. आता यांच्यापुढे काय करायचं, ते मला माहीत नसतं. तुम्हाला ते पहिल्या आठवड्यातच कळलं होतं.

एकदा मी खडू टाकून सरळ बाहेर पडले होते. शाळेच्या मागे नागलीच्या शेताच्या बांधावर जाऊन बसले. आता तुम्ही येणार, विचारणार, समजावणार, असं वाटत होतं. तुम्ही आलात बऱ्याच वेळानं. माझ्या साडीला लागलेली कुसळं एकेक करून काढलीत आणि म्हणालात, चला, खिचडी तयार आहे. आत गेले तर चौथीची पोरं पहिलीच्या पोरांना वाचून दाखवत होती आणि माझी खुर्ची सावलीत सरकवून ठेवलेली होती. त्या दिवसाबद्दल आपण पुढे कधी बोललो नाही. त्याबद्दल मी तुमची किती ऋणी आहे, हेही मी बोलले नाही.

आणि तुमचे ते दगड. आईशप्पथ, मला ते पहिल्यांदा बघून वाटलं होतं, कुठल्या येडगाव शाळेत आले मी. उंबऱ्याशी बांबूची टोपली. तिच्यात प्रत्येक पोराचा एक दगड, वहाळाच्या पाण्यातून ज्यानं त्यानं निवडून आणलेला. आलं की आपला दगड उचलायचा, मुठीत धरून ओळीत बसायचं, बोलायचं नाही. दगडाचा गारवा गेला, तो हाताएवढा कोमट झाला, की उठून खिडकीच्या कट्ट्यावर मांडायचा. तीच हजेरी. त्यानंतर दप्तर उघडायचं. जो आला नाही त्याचा दगड टोपलीत. आणि दिवाळीनंतर जी पोरं आईबापांबरोबर वीटभट्टीवर जायची, त्यांचे दगड तुम्ही पावसाळ्यापर्यंत टोपलीतच ठेवायचात. आषाढात परत आलेलं पोर आधी टोपलीत हात घालायचं आणि आपला दगड सापडला की त्याचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. टाकायचा नाही कुणाचा, हा तुमचा नियम पोरांना पाढ्यांपेक्षा पक्का पाठ होता.

सगळ्यात आधी तुमचा दगड. तुम्ही उंबऱ्याजवळ पाय मुडपून बसायचात, आणि तुमचा कट्ट्यावर ठेवल्याशिवाय कुणी आपला ठेवायचं नाही. केवढा मोठा तो धोंडा. पाट्याचा वरवंटाच जणू. पोरं त्यावरून तुम्हाला चिडवायची, तुम्ही हसायचात. मला म्हणालात, तुमचाही आणा एक. मी म्हटलं, मी काय पहिलीत आहे का?

यावरून आपली भांडणं किती झाली. मी म्हणायचे, बाई, सकाळचा चांगला वेळ तुम्ही दगड तापवण्यात घालवता, मग वाचन कधी घ्यायचं? तुम्ही म्हणायचात, घाबरलेल्या डोक्यात अक्षर शिरत नाही. मी म्हणायचे, पोरं कुठं घाबरलेली आहेत, वहाळातून उड्या मारत येतात ती. तुम्ही म्हणायचात, घरची बोली घरी ठेवून पुस्तकाची मराठी बोलायला येतात ती, घाबरणार नाहीत तर काय. मी म्हणायचे, उन्हाळ्यात दगड आधीच तापलेले असतात, तेव्हा काय करणार? यावर तुम्ही म्हणायचात, तेव्हा ओला करून घ्यायचा. तुमच्याशी भांडून कुणी जिंकलंय का? माझं म्हणणं मी अजून सोडलेलं नाही, हेही सांगून ठेवते. वाचनाला वेळ कमीच पडतो आपल्याकडे.

नवरात्रानंतरची ती दुपार आठवते तुम्हाला? आभाळ असं उतरलं की खोलीत पाटीवरचं दिसेना. समोरच्या उतारावरच्या मोहाच्या झाडावर वीज पडली आणि पडवीचा पत्रा उचकटून शेतात गेला. पोरं किंचाळली. मी काय केलं, तर टेबलाखाली गेले. बाईमाणूस, पगार घेते, आणि पोरांच्या आधी टेबलाखाली. तुम्ही टोपली फिरवलीत. कट्ट्यावर मांडलेले दगड भरदुपारी परत पोरांच्या हातात दिलेत, खिडक्यांपासून सगळ्यांना आत भिंतीशी घेतलंत आणि मधोमध बसलात. पोरं हळूहळू गप्प झाली. मी टेबलाखालून बघत होते. तुम्ही तुमचा धोंडा दोन्ही हातांत छातीशी घट्ट धरला होता, डोळे मिटलेले, ओठ हलत होते. मला वाटलं, देवाचं नाव घेताय. पाऊस थांबल्यावर मी म्हटलं, तुमचं बरं आहे बाई, तुम्हाला काही म्हणजे काही होत नाही. तुम्ही नुसतं हं म्हणालात आणि पत्रा शोधायला गेलात.

सुट्टी लागायच्या आधी तुम्ही नेहमीसारख्या घरोघरी फिरलात. मीही होते बरोबर. ज्यांची भट्टीवर जायची तयारी चालली होती त्यांच्या पडवीत बसायचं, कोरा चहा प्यायचा आणि पोर आजीजवळ ठेवा म्हणून गळ घालायची. बहुतेक जण नुसतं ऐकून घेत होते. ते तरी काय करणार, खायचं काय इथं राहून. पण दुसरीतल्या रंजूचा बाप तयार झाला. त्याचं एकच म्हणणं होतं. म्हातारीला दिसत नाही, पोर दिवसभर कुणाच्या भरवशावर? तुम्ही म्हणालात, माझ्या. शाळा उघडी राहील आणि मी असेन. एवढ्यावर त्यानं रंजूला ठेवली. मला तेव्हाच भीती वाटली होती. एवढा मोठा शब्द माणसानं द्यावा कशाला?

परतताना जीपमध्ये मी तेच बोलले. वैतागले होते, उतारावर चालून पाय भरून आले होते. म्हटलं, उद्या तुम्ही रजेवर गेलात तर ते पोर माझ्या गळ्यात. मला जमत नाही हो, मला रोज सकाळी उलटी आल्यासारखं होतं. तुम्ही म्हणालात, होतं तसं. त्यावर मात्र माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, तुम्हाला भीती म्हणजे काय ते माहीतच नाही, तुम्हाला काय कळणार माझं. पुढचा ड्रायव्हरसुद्धा मागे वळून बघायला लागला. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, काहीतरी बोलायला तोंड उघडलंत, तेवढ्यात मोखाडा आलं आणि जव्हारची गाडी लागलेली दिसली. तुम्ही पिशवी उचललीत.

"सुट्टीनंतर बोलू. शांतपणे सांगण्यासारखं आहे ते," एवढं म्हणून उतरलात.

शांतपणे म्हणे. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी सिन्नरला आईकडे लाडू खात होते आणि फोन आला. तुमचं काय झालं, कसं झालं, ते सगळ्यांनी सांगून झालंय, मला ते परत नको. मला राग आला होता तुमचा. अजूनही आहे. असा शब्द देऊन, असं अर्धं बोलून कुणी जातं का?

घरच्यांनी लगेच ठरवून टाकलं. भाऊ म्हणाला, त्या डोंगरात एकटी राहायची काही गरज नाही, दे सोडून, इथं खाजगी शाळा ढीगभर आहेत. पळसाला पानं तीनच म्हणणारी आईसुद्धा त्याच्या बाजूनं झाली. मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू. दहाव्याला जायचं, मोखाड्याची खोली रिकामी करायची, शाळेची किल्ली वरच्यांच्या स्वाधीन करायची आणि मोकळं व्हायचं. दुसरं कुणी येईपर्यंत कुलूप राहील, राहिलं तर राहिलं. असं मनाशी पक्कं करून मी जव्हारला आले होते, आणि किल्ली हातात पडली त्याच संध्याकाळी रंजूच्या बापाचा फोन आला. भिवंडीकडून, मागे ट्रकचा आवाज.

"बाय गेल्या म्हनं. तुमी टेन्शन नका घेव. टेम्पो येनार हाय तिकडं, पोरीला त्यातच आनतो. का ऱ्हाऊ दे?"

त्यानं माझ्यावर काही लादलं नाही, बाई. तुमचा शब्द मला आठवून दिला नाही. म्हणून तर जास्त भीती वाटली. ने बाबा, एवढं म्हटलं असतं तर सुटले असते. माझ्या तोंडून ततपप झालं आणि मी म्हटलं, सोमवारी शाळेत जाऊन सांगते.

सोमवारी जीपमध्ये तुमच्या जागेवर एक माणूस कोंबड्यांची पाटी घेऊन बसला होता. मी घाटात डोळे मिटून घेतले. पाड्यापर्यंत चालताना थंडीतही पाठ घामानं भिजली. वहाळ ओलांडून वर आले तर पोरं पडवीत उभी. नेहमी धावत येतात, त्या दिवशी नाही आली. निम्मी पोरं भट्टीवर गेलेली, त्यामुळे ती अगदी थोडी वाटत होती. कुलूप उघडताना किल्ली दोनदा चुकली, आणि सगळी माझ्या हाताकडेच बघत होती. आत सुट्टीभर कोंडलेला वास होता. टोपली उंबऱ्याशी होती तिथंच होती. प्रत्येकानं आपापला दगड उचलला आणि पोरं ओळीत बसली. मग कुणी हलेना.

मला कळेना काय झालं. वेळ जाऊ लागला. दगड केव्हाच कोमट झाले असतील, तरी एकही उठेना. माझ्या कानात ते पाणी गेल्यासारखं व्हायला लागलं, आवाज नसताना. मी ओरडणार होते. आणि मग लक्षात आलं की ती तुमची वाट बघतायत. तुमचा ठेवल्याशिवाय कुणी ठेवत नाही.

टोपलीत तुमचा धोंडा होता. मी तो उचलला. दुसरं काय करायचं ते सुचलं नाही म्हणून उचलला. केवढा गार, बाई. एका मुठीत मावेना. तुमच्या जागी बसले, तो मांडीवर घेतला आणि वाट बघायला लागले. तो तापेना. पोरांचे लहान लहान दगड, त्यांना कितीसा वेळ लागणार. हा मात्र माझी सगळी ऊब खाऊन पुन्हा गारच. जानकी मावशी चुलीजवळून उठून दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. रंजू ओळीतून मान वर करून बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

"बाई दोन हातांनी धरत," ती म्हणाली.

मी दोन्ही हातांनी धरला. तसा धरल्यावर तो आपोआप छातीशी आला, त्या विजेच्या दुपारी तुम्ही धरला होता तसा. आणि जानकी मावशी तिथूनच म्हणाल्या, त्यांच्या नेहमीच्या आवाजात, की बायचा दगड कधी लवकर ऊन व्हायचा नाय, हात लई थरथरत त्यांचे सकाळी. ते थांबेस्तोवर मी चूल पेटवून घ्यायची. चहा त्या नंतरच मागत. आधी पोटात ऱ्हायचा नाय.

बाई, मी तिथंच बसून राहिले. तुम्ही इतका मोठा दगड का घेतला होता, हे मी कधी विचारलंच नाही. मोठा दगड तापायला वेळ लागतो, आणि तुम्हाला तेवढा वेळ लागत होता. रोज. एवढी वर्षं शिकवून झाल्यावरही, जव्हारहून इथवर येऊन, रोज सकाळी तुम्ही घाबरलेल्या असायचात आणि दोन्ही हातांनी धरून बसायचात, आणि ते कमी झाल्याशिवाय पोरांकडे वळायचा नाहीत. हेच सांगायचं होतं ना सुट्टीनंतर? होतं तसं, हे तुम्ही स्वतःबद्दल म्हणालात आणि मला वाटलं माझं उडवून लावताय. अहो, एक शब्द बोलायचात ना. मी एकटीच अशी आहे असं समजून इतके दिवस काढले मी.

मी रडत होते. पोरांसमोर, घळघळा. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. मग मी तुमचा धोंडा कट्ट्यावर ठेवायला उठले, तर चौथीची दोघं-तिघं एकदम नाही म्हणाली. बाई आल्या नाहीत, मग त्यांचा टोपलीत. तसाच नियम आहे. त्यांच्या आवाजात दुःखबिःख नव्हतं, नियम सांगतात तसा त्यांनी सांगितला. मी वाकून तो टोपलीत ठेवला, भट्टीवर गेलेल्या पोरांच्या दगडांत. तिथं तो असेल. टाकायचा नाही कुणाचा.

वर्ग अजून तसाच बसलेला. रंजू म्हणाली, मग तुमचा कुठाय? तुमचा ठेवा, मंग आमी ठेवतो.

माझा नव्हताच. तेव्हा आम्ही सगळे वहाळावर गेलो. शाळेच्या वेळात, वाचन सोडून, बघा आता कोण म्हणतंय. पाणी कमी झालंय, पण गार आहे. पोरांनी मला छान छान गोटे दाखवले, पांढरे, रेघांचे, तळहातावर मावणारे. मी ते सगळे परत ठेवले आणि कडेच्या काळ्या दगडांतला एक उपसून काढला. पोरं हसायला लागली. रंजू म्हणाली, एवढा? मी म्हटलं, मला एवढा लागणार.

परत येऊन उंबऱ्याशी बसले तेव्हा फोन वाजला. रंजूचा बाप. टेम्पो निघायच्या बेतात होता, काय ते लगेच सांगा म्हणाला. दगड दोन्ही हातांत होता, म्हणून जानकी मावशींनी फोन माझ्या कानाशी धरला. मला अजूनही भीती वाटत होती, बाई. उद्याची, घाटाची, एकटीनं चार वर्गांची, त्या पोरीच्या आंधळ्या आजीची. यातलं काहीसुद्धा कमी झालेलं नव्हतं. मी त्याला म्हटलं, राहू दे तिला इथंच. शाळा उघडी आहे आणि मी आहे.

मावशींनी फोन बंद केला. पोरं ओळीत बसून माझ्या हातांकडे बघत होती. मी त्यांना सांगितलं, जरा थांबा रे, माझा अजून गार आहे.